पुढच्या पायाखालचा पुठ्ठा

सोमवार, १० नोव्हेंबर

शनिवारच्या पानावर मी लिहिलं आहे, "पुढच्या पायाखाली पुठ्ठा घालायची सवय जनादादांची." हे चूक आहे. कपाटाखालचा पुठ्ठा मी सांगितला होता. दोन वर्षांपूर्वी, तुर्भ्याच्या गोडाऊनमध्ये, सगळ्या फिटरांसमोर, स्वतः घडी घालून.

वाक्य खोडून दिसेनासं केलेलं नाही. त्यावर एक रेघ ओढली आणि शेजारी आजची तारीख घातली. आईचा नियम. अप्पांचं सुतारकाम ज्या बिल्डिंगमध्ये चालू असेल तिथल्याच एखाद्या रिकाम्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायचो, त्यामुळे चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे आई. प्लायचा तुकडा ही पाटी, अप्पांची सुतारी पेन्सिल. प्लायवर खोडरबर चालत नाही, घासलं की सगळंच काळं होतं. म्हणून चुकलं तर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. चूक दिसत राहिली पाहिजे, आई म्हणायची.

बाकीचं पान पुन्हा वाचलं. एवढं बरोबर आहे:

करंजाडे, चौथा मजला, काळे यांचं घर. शनिवारी सकाळी 'मैना' पडली. (कंपनी सगळ्या वस्तूंना पक्ष्यांची नावं देते. मैना म्हणजे चार खणांचं ड्रॉवर युनिट, आमचं सगळ्यात जास्त खपणारं.) काळ्यांची ओवी चार वर्षांची. वरच्या खणात खाऊ असतो म्हणून तिने खालचे तीन खण ओढून पायऱ्या केल्या. चढली. सगळं युनिट तिला घेऊन पुढे आलं. जबडा मोडला, कमरेचं हाड मोडलं, डोक्याला आतून मार. शुद्ध नाही.

मी दुपारी पोचले तेव्हा तिला हलवलं होतं, पण फरशी तशीच होती. रक्त कपाटाखालून बाहेर येऊन लादीच्या फटीत सुकलेलं. वरच्या कडेत एक दुधाचा दात रुतून बसला होता. मी त्याचा फोटो काढला. फोटो काढणं माझं काम आहे, कंपनीचा माल तपासते मी. क्वालिटी.

आमचे फिटर जनादादा माझ्याबरोबर होते. हे युनिट त्यांनीच लावलं होतं, म्हणून कंपनीने त्यांना पाठवलं. बिल्डिंगमधल्या माणसांनी त्यांना तिथेच धरलं. आठ-दहा जण असतील. एकाने खण ओढून काढला आणि त्याच्या दर्शनी पट्टीने मारायला सुरुवात केली. जनादादा खाली बसले तेव्हा एकाने त्यांचा उजवा हात उंबऱ्यावर धरला आणि दुसऱ्याने खणाची कड त्यावर आपटली. तीनदा. चौथ्या वेळी खणच तुटला.

तो खण जास्त मजबूत असता तर, असं माझ्या मनात आलं. हेही लिहून ठेवते.

मंगळ, ११ नोव्हें.

सकाळी दळवी सरांची मीटिंग. सर आमचे ऑपरेशन्सचे हेड. पुण्याहून मालकांचा फोन स्पीकरवर.

सर म्हणाले, "फिटरने सूचनापत्रक पाळलं नाही. संपला विषय."

मी म्हणाले, "सर, पत्रकातच आहे. कलम सात. पुढच्या पायाखाली चार घड्यांचा पुठ्ठा."

सरांनी फोन म्यूट केला. "रोहिणी, तू जरा बाहेर थांब."

बाहेर थांबले. कशासाठी थांबले माहीत नाही, कुणी परत बोलावलं नाही.

जुनी वही काढली. दोन वर्षांपूर्वीचं पान सापडलं, ते इथे उतरवते: "आज पट्टीचा प्रश्न सुटला. मी अप्पांची युक्ती सांगितली. पुढचे पाय किंचित उचलले की कपाट मागे भिंतीवर रेलतं. पॅकिंगचा पुठ्ठा फुकट असतो. सर टाळी देऊन म्हणाले, सुताराची पोर ती सुताराची पोर. खूप आनंद झाला."

पट्टीचा प्रश्न असा होता. आधी मैनेबरोबर भिंतीला ठोकायची लोखंडी पट्टी आणि दोन स्क्रू यायचे. आमची गिऱ्हाइकं बहुतेक भाड्याच्या घरात. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. ते म्हणायचे, पट्टी नको, त्यापेक्षा भाव कमी करा. फिटरलाही ड्रिल घेऊन हिंडावं लागायचं, दिवसाला घरं कमी व्हायची. मग पट्टी काढली. त्याच महिन्यात मागची फळी पातळ केली, म्हणजे युनिट मागच्या बाजूला हलकं झालं. भाव खाली आला, खप दुप्पट झाला.

टेस्ट मी घेतली. चारही खण उघडून, वजन लटकवून. पुठ्ठ्यावर मैना पडली नाही. रिपोर्टवर सही माझी.

बुध, १२

दुसरी दुरुस्ती. शनिवारच्या पानावर आहे: "कुणीतरी म्हणालं की पुठ्ठा फिटरने घातला, आणि माणसं जनादादांवर धावली."

ते कुणीतरी मी.

झालं ते असं. मी खाली वाकून पुढच्या पायाखाली बघितलं. पुठ्ठा भिजून, दबून कागदासारखा झाला होता. मी मोठ्याने म्हणाले, "पुठ्ठा भिजलाय." मागून एकाने विचारलं, "पुठ्ठा? कपाटाखाली पुठ्ठा कोणी घातला?" मी म्हणाले, "फिटिंगवाल्यांनी." आणि जनादादांकडे बघितलं.

खोटं बोलले नाही. हेच वाईट आहे. शब्द न् शब्द खरा होता.

आज गोडाऊनमध्ये टेस्ट पुन्हा घेतली, कुणाला न विचारता. नवी मैना उघडली, पुठ्ठा घातला, पण या वेळी घरात पुसतात तशी फरशी ओल्या फडक्याने पुसली. एकदा पुसली, सुकू दिली, पुन्हा पुसली. सकाळपासून दुपारपर्यंत वीस वेळा. पुठ्ठा बसला. मग खालचे तीन खण उघडून दुसऱ्या खणात गव्हाची गोणी ठेवली, चार वर्षांच्या पोरीएवढ्या वजनाची.

हळू पडेल असं वाटलं होतं. तसं होत नाही. आधी काहीच होत नाही, मग एकदम सगळं. गोणी फुटली. वरची कड कोब्यावर आपटून कोब्याचा टवका उडाला. गहू गेटपर्यंत गेले. मी पुन्हा उभी केली, पुन्हा पाडली. पाच वेळा. लोडिंगवाले काम टाकून बघत होते. एकजण म्हणाला, "बस करा मॅडम." मी केलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची चूक कळली. टेस्ट मी गोडाऊनमध्ये घेतली. तिथे फरशी कुणी पुसत नाही. आमच्या घरी रोज दोनदा पुसली जाते, मीच पुसते, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

सर आले. पडलेलं युनिट बघितलं, मला बघितलं. टेबलावरचा माझा मेजरिंग टेप उचलून फेकला. पत्र्याची पात सुटली आणि भुवईला लागली. रक्त डोळ्यात गेलं. सर घाबरले, स्वतःचा रुमाल दाबून धरला. म्हणाले, "सॉरी. सॉरी. पण तू काय करतेयस कळतंय का तुला?"

मग खाली गोणीवर बसले. "माझ्या घरात कपाट नव्हतं. सहा माणसांचे कपडे एका दोरीवर. पावसाळ्यात शाळेत वास यायचा माझा. मी हजारो घरांत कपाट दिलं, रोहिणी. पट्टी आणि जाड फळी घालून बनवलं तर पहिलं कुणाला परवडणार नाही? काळ्यालाच."

भुवईला तीन टाके.

टेस्टचा रिपोर्ट लिहून सरांना मेल केला. "फरशी ओल्या फडक्याने पुसल्यामुळे पुठ्ठा दबतो व युनिट अस्थिर होते." वाक्य तीनदा तपासलं. बरोबर होतं.

गुरु, १३

दुपारी शोरूमवर माणसं आली. वाशीची शोरूम. ओवीचा मामा आणि बरोबर पंधरा-वीस, हातात लोखंडी सळ्या. मी तक्रारींच्या काउंटरला होते.

आधी काचेचं डायनिंग टेबल. मग आरसे. मग जे उभं दिसेल ते. मामा ओरडत नव्हता. एकेका मैनेसमोर उभा राहायचा, नेम धरायचा, मारायचा. सळी पहिल्या घावात आरपार जायची. तिसऱ्या मैनेला तो थांबला, आत हात घालून मूठभर भुसा काढला आणि सेल्समनच्या तोंडात कोंबला. "खा. लाकूड आहे ना? खा मग."

एका बाईचा पाय काचेवर पडला. गिऱ्हाईक होती, पाळणा बघायला आली होती.

मी काउंटरखाली बसून होते. मला वाटत होतं, यातलं प्रत्येक युनिट तोडलं तर बरं होईल. एकही राहू नये. नंतर लाज वाटली, त्या बाईचं रक्त पुसताना.

शनि, १५

जनादादांकडे गेले. कोपरखैरणे गावात घर, आमच्यापासून चालत वीस मिनिटं. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर, बोटांतून तारा घातल्यात. एक डोळा अजून बंद. पोलिसांनी त्यांच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा लावलाय, नोटीस देऊन सोडलंय. जबाब सोमवारी, चोवीस तारखेला.

"बस गो ताई. च्या पी."

वहिनी दारातून म्हणाल्या, "हिला च्या कशाला? हिला विचार, त्या दिवशी तोंडान काय व्हता हिच्या."

"गप गो. पोरगी ती. ती काय सोडवनार व्हती मना दहा जनांतून?"

मी म्हणाले, "दादा, पुठ्ठा कोणी सांगितला ते पोलिसांना सांगितलंत का?"

"त्यांनी इचारला, पुट्टा कोनी घातला. मी बोललू, मीच. घातला मीच ना? कोनी सांगितला ता नाय इचारला."

"सांगायचं ना."

"तुमी बोल्लाव चार घड्या, मी घातल्या चार. एक पन कमी नाय. तीन घातल्या असत्या तर माजी चूक." हसले. हसताना ओठ फुटला. "हात काय, डावा हाय अजून. डाव्यान कुलूप उघडतो, इस्क्रू पन शिकीन."

वहिनींनी चहा आणला. कप माझ्यासमोर आपटला, निम्मा बशीत सांडला. मी बशीतला प्यायले.

निघताना वहिनी बाहेर आल्या. हळू आवाजात, "तो काय बोलनार नाय. तेला वाटतं तुजी नोकरी जाईल. असा मानूस हाय तो. तू बग आता."

रवि, १६

अप्पांना सगळं सांगितलं. आज आठवडा होऊन गेल्यावर. ते ऐकत होते आणि आमच्या घरातल्या मैनेकडे बघत होते. स्टाफ डिस्काउंटमध्ये घेतलेली, माझे कपडे तीत आहेत.

म्हणाले, "माझी युक्ती?"

"हो. तुम्ही नाही का पुढच्या पायाखाली..."

"मी पाचर घालायचो. सागाची. लाकूड भिजलं की फुगतं, घट्ट होतं. पुठ्ठा भिजला की मरतो. मी कधी पुठ्ठा घातला होता गं?"

मी बघितलं. आमच्या मैनेच्या पायाखाली पुठ्ठा नाही. सागाची पाचर आहे, तासून बसवलेली, काळी पडलेली. दोन वर्षं मी तिथे फरशी पुसतेय.

"पहिल्याच आठवड्यात काढला तुझा पुठ्ठा."

"मग बोलला का नाहीत?"

अप्पा पुन्हा मैनेकडे वळले. मग, "तू क्वालिटीची. वाटलं, मोठी कंपनी, तपासलं असेल. मी अंगठेबहाद्दर काय सांगणार."

अप्पांनी आयुष्यात माझ्यावर आवाज चढवलेला नाही. आजही नाही. उठले, खाटेखालची पेटी ओढली, मोठा हातोडा काढला. माझे कपडे एकेका खणातून बाहेर काढून खाटेवर नीट ठेवले. मग मारायला लागले. दमेकरी माणूस. पहिल्या घावाला वरची फळी गेली, मग कडा, मग खणांचे तळ. भुसा दाण्यांसारखा उडत होता. शेजारचे दार वाजवायला लागले. ते थांबले नाहीत. एक खिळा तळहातात घुसला तरी मारत राहिले, दांडा लाल झाला.

शेवटी दमून बसले. "यात लाकूड नाहीच," म्हणाले. पाचर उचलली, पुसली आणि माझ्या हातात दिली.

सोम, १७

आजपासून गिऱ्हाइकांना फोन. कुणाला न विचारता. जुन्या डिलिव्हरीची यादी माझ्याकडे आहे. ज्यांच्या ऑर्डरमध्ये पाळणा किंवा लहान मुलांचा बेडही आहे ती घरं आधी. "तुमची मैना भिंतीपासून काढून जमिनीवर आडवी ठेवा. आजच."

बहुतेकांना वाटलं मी काहीतरी विकतेय. घणसोलीच्या एका आजी म्हणाल्या, "आडवी ठेवली तर आम्ही झोपायचं कुठे?" उलव्याचा एक माणूस: "तुमीच विकली ना? मग आता कशाला घाबरवताय?" शिव्या दिल्या, मग विचारलं, कशी आडवी ठेवायची. मी सांगितलं.

मंगळ, १८

दवाखान्यात गेले. ओवीला भेटू देत नाहीत. आई बाहेरच्या बाकावर होती. मी नाव सांगितलं, कंपनी सांगितली. तिने उठून कानाखाली मारली. भुवईचा एक टाका सुटला. मी काहीच केलं नाही, ती पुन्हा मारेल म्हणून वाट बघत होते. ती बसली.

मग म्हणाली, "लग्न झाल्यापासून कपडे बॅगेत होते आमचे. ही झाली तेव्हा म्हटलं, आता कपाट पाहिजे. तुमचं स्वस्त होतं म्हणून घेतलं. महाग असतं तर घेतलंच नसतं. मग पोरगी धड असती ना?"

मी बाकाच्या टोकाला बसले.

"काल तुमचा माणूस आला होता. कागद होता त्याच्याकडे. म्हणाला, बाई, तुम्ही लादी ओली पुसता म्हणून झालं. टेस्टमध्ये निघालंय म्हणे." ती माझ्याकडे बघत होती. "ही रांगायला लागली तेव्हापासून मी दोनदा पुसते. तोंडात काही घालेल म्हणून. म्हणजे मीच मारलं का हिला?"

माझा कागद. माझं तीनदा तपासलेलं वाक्य.

मी म्हणाले, "नाही. तुमचं काही चुकलेलं नाही." पुढचं वाक्य तोंडात होतं: पुठ्ठा मी सांगितला. आतून नर्सने हाक मारली, ती पळत गेली. मी थांबू शकले असते. थांबले नाही.

नर्सने हाक मारली हे खरं आहे. पण तिच्यामुळे राहिलं असं नाही.

बुध, १९

सरांना विचारलं, माझा रिपोर्ट त्या बाईपर्यंत कसा पोचला. ते म्हणाले, "तूच लिहिलास. खोटं आहे का त्यात काही?"

"रिपोर्ट अर्धाच आहे. फरशी सगळेच पुसतात. पुसणार हे आपण धरायला हवं होतं."

"आपण?"

"मी."

"मग? हे पोलिसांना सांगणारेस? सही तुझी आहे. कंपनीला दंड होईल, दुसरी कंपनी निघेल. तू आत जाशील. अप्पांचं कोण बघणार?" धमकी नव्हती ती. खरंच विचारत होते.

गिऱ्हाइकांच्या फोनबद्दलही कळलंय त्यांना. माझा मोबाईल मागितला. मी दिला नाही. त्यांनी मनगट धरलं, पिरगाळलं, बोटं एकेक करून उघडली. केबिनच्या काचेतून सगळे बघत होते. मोबाईल भिंतीवर आपटून फोडला. मग एकदम रडायला लागले, माणूस रडतो तसे, आवाज करून. "माझ्याही घरी दोन मुलं आहेत," म्हणाले. "काल मीही आडवी ठेवली."

शुक्र, २१

नवं सूचनापत्रक आलं. छपाई ताजी, पण तारीख दोन वर्षांपूर्वीची. कलम सात नाही. सहानंतर एकदम आठ येईल म्हणून आठचं सात केलंय. खाली "तपासणी: रोहिणी" आणि सहीसाठी रेघ. जुनी पत्रकं सगळ्या फिटरांकडून परत घेतली. जनादादांचं पण, काल एक माणूस येऊन वहिनींकडून घेऊन गेला. त्यांना वाटलं इन्शुरन्सचं काम.

सर म्हणाले, "सोमवारी सकाळपर्यंत सही हवी. जनार्दनचा जबाब आहे त्या दिवशी, पत्रक जोडायचंय. तुझं नाव कुठेच येणार नाही. मी शब्द देतो."

माझं नाव कुठेच येणार नाही. आणि जनादादांचं सगळीकडे येईल. आणि त्या बाईचं.

पेन हातात दिलं. मी टोपण काढलं. सही केली नाही, पण टोपण काढलं होतं. नोंद असू दे.



शनि, २२

ओवीची आई पोलीस चौकीवर गेली होती असं वहिनींनी सांगितलं. गावातल्या एकाची बहीण त्याच बिल्डिंगमध्ये राहते. ती म्हणे स्वतःच लिहून द्यायला गेली की फरशी मी पुसली. हवालदाराने घरी पाठवलं. घरी जाऊन तिने फडकं, बादली, सगळं गॅलरीतून खाली फेकलं आणि कठड्यावर पाय टाकला. नवऱ्याने केसांनी धरून आत ओढली. केसांचा पुंजका त्याच्या हातात आला.

ती आत्ता ठीक आहे. ठीक म्हणजे जिवंत.

अप्पांना विचारलं, "मी गेले आत, तर?"

ते मोडलेल्या मैनेच्या फळ्या पोत्यात भरत होते. म्हणाले, "मी सुतार आहे. जेवायला काय, मिळतं." मग, "पाचर घेऊन जा. सायबाला दाखव. पुठ्ठा आणि पाचर शेजारी ठेव, पाणी ओत. पाच मिनिटांत कळतं कुणालाही."

हे मला टेस्ट लिहिताना सुचायला हवं होतं.

रवि, २३

ओवीने सकाळी डोळे उघडले म्हणतात. आईला ओळखलं की नाही, कळत नाही.

काय घेऊन जायचं ते टेबलावर काढलं. नवं पत्रक, सहीशिवाय. दोन पुठ्ठे, चार घड्यांचे, आणि पाचर. पाण्याची बाटली. दोन वर्षांपूर्वीची वही, पुठ्ठ्याचं पान दुमडून. आणि ही वही.

ही द्यायची नव्हती. यात टोपण काढल्याचं आहे, काउंटरखाली काय वाटलं ते आहे, "फिटिंगवाल्यांनी" आहे. ती पानं फाडून फक्त जुनी वही द्यावी असं दुपारी वाटलं. फाडायला घेतलं, एक कोपरा फाटलाही. तो चिकटपट्टीने परत लावलाय.

ही दिली नाही तर मी म्हणेन की मला आठवत नाही. दहा दिवसांत मला खरंच आठवणार नाही. मी स्वतःला ओळखते.

भीती वाटते. जनादादांचा हात उंबऱ्यावर धरला होता तो मला सारखा माझा दिसतो.

इथे मी आधी लिहिलं होतं, "या आठवड्यात चौकीवर जाईन." त्यावर रेघ मारली आहे. शेजारी बरोबर:

उद्या. सोमवार, २४ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजता, जनादादांचा जबाब सुरू व्हायच्या आधी.